कार्डावर ‘नकार’ लिहिलेली बाई : गरोदरपणातल्या शुगर तपासणीचं एक प्रकरण

वय २७. दुसरी खेप, सव्विसावा आठवडा. वजन ५० किलो, बीपी ठीक, हिमोग्लोबिन ९.८. पहिली मुलगी पाच वर्षांची, सिझेरियनने झालेली. माता-बाल संरक्षण कार्डावरचे बाकीचे रकाने नीट भरलेले होते. ग्लुकोज चाचणीसमोर मात्र निळ्या पेनाने एवढंच लिहिलं होतं : नकार.

प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते, आणि खासगीत प्रॅक्टिस करणारे स्त्रीरोगतज्ज्ञही त्या दिवशी वेळ देतात. मी नाशिक जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते. हे तिथलंच प्रकरण, डिसेंबर महिन्यातलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

“का गं, शुगर तपासायला नको म्हणालीस?” असं विचारलं तर तीच चकित झाली. “मी कुठं नको म्हणले मॅडम? प्यायले की पूर्ण गिलास. पाच-दहा मिनिटांत सगळं उलटून पडलं. मग बाई म्हणल्या, जा घरी.”

हे सप्टेंबरमधलं, तिसऱ्या महिन्यातलं. त्या दिवसांत जिला साध्या वरणाचा वाससुद्धा सहन होत नाही, तिला ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिलिलिटर पाण्यात घालून दिलं तर उलटी होणारच. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत त्याची सोय आहे. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा करायची, नंतर झाली तर चालू ठेवायची. तिला कोणी परत बोलावलं नाही. रकाना रिकामा ठेवता येत नव्हता, म्हणून तो भरला गेला. महिन्याच्या अहवालात ती ‘मातेने नकार दिला’ या आकड्यात जाऊन बसली असणार. ‘बायकांमध्ये जागरूकता नाही’ असं जे बैठकांमधून ऐकू येतं, त्याचा काही भाग तरी असा तयार होतो.

पण आता विचारल्यावर ती खरोखरच नको म्हणाली. आणि इथूनच खरं प्रकरण सुरू होतं.

सांगितलेली कारणं

पहिलं कारण कामाचं. डिसेंबरात बागांमध्ये विरळणी आणि डिपिंग, म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवणं, एकदमच येतं. टोळीचं काम एकरावर, उक्तं. बारा बायका असल्या तर मजुरी बारा ठिकाणी वाटली जाते. एक बाई अर्धा दिवस गेली की बाकीच्यांवर भार पडतो आणि मुकादमाला दुसरी शोधावी लागते. एकदा दुसरी सापडली की परत जागा मिळेलच असं नाही. तिच्या गावाहून आरोग्य केंद्रात यायचं म्हणजे काळीपिवळीची वाट बघणं, केस पेपर काढणं, ग्लुकोज पिऊन दोन तास बसणं, मग रिपोर्ट. दिवसाची हजेरी गेलीच. आजची हजेरीसुद्धा ती बुडवूनच आली होती, आणि मी तिला पुन्हा एकदा बुडवायला सांगत होते.

दुसरं कारण शरीरयष्टीचं. “मी एवढी वाळकी, मला कसली शुगर?” हा प्रश्न मला शिकलेल्या, शहरातल्या बायकाही विचारतात. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला होता. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडची वाळकी माणसं आतून किती वाळकी असतात, हे त्या एका फोटोने दाखवलं. म्हणून आपल्याकडे जाडजूड बायकाच निवडून तपासायच्या असं धोरण नाही. प्रत्येक गरोदर बाईची चाचणी होते, पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा.

तिसरं कारण तर्काचं होतं आणि मला ते आवडलं. “शुगर हाय का बघायला साखरच पाजायची, म्हणजे नसली तरी व्हायची ना?” माझ्याआधी आशाताईंनीच उत्तर दिलं. “बागेतली मोटर चढावर पाणी फेकती का नाही, हे सपाटीला चालवून कळतं का? तसंच हाय हे.” एवढ्यात तिचं समाधान झालं. अशी उत्तरं आमच्या पुस्तकात नसतात.

याशिवाय उलटीची भीती होती, सुईची नव्हती. बायकांना सुई घाबरवते असं आम्ही धरून चालतो. विरळणीच्या कात्रीने रोज बोटं सोलून घेणाऱ्या बाईला बोटावरच्या टोच्याचं काय?

न सांगितलेली

ही सगळी कारणं खरी होती, पण तेवढ्याने तिचं इतकं ठाम ‘नको’ उलगडत नव्हतं. जुन्या फाइलमध्ये मात्र एक गोष्ट होती. पहिली मुलगी ३.९ किलोची. पन्नास किलोच्या आईला ३.९ किलोचं मूल! जन्मल्यावर मुलीची साखर उतरली म्हणून तिला दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं. बाळंतपण एका खासगी दवाखान्यात झालेलं. त्या नऊ महिन्यांच्या कागदांत आईच्या शुगरचा एकही आकडा नव्हता. घरच्यांच्या लेखी ते गुटगुटीत बाळ होतं, कौतुकाचं. माझ्या लेखी ती न लागलेली शुगर असण्याची दाट शक्यता होती. आईच्या रक्तातली जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळ स्वतःचं इन्सुलिन जास्त तयार करून ती चरबीत साठवतं. नाळ कापली की साखरेचा पुरवठा थांबतो, इन्सुलिन मात्र काही तास तसंच राहतं आणि बाळाची साखर खाली जाते.

घरात कोणाला शुगर आहे का, हे नोंदणीच्या वेळी विचारलं होतं. तिने ‘नाही’ सांगितलं होतं. सासू शेजारच्या खुर्चीवर बसली असताना विचारलं होतं, हे आशाताईंनी मला हळूच सांगितलं. म्हणून वजन करायला आत घेतलं तेव्हा दार लोटून मी तोच प्रश्न परत विचारला. आता ती बोलली.

वडिलांना शुगर होती, दहा-बारा वर्षांपासून. गोळ्या चालू होत्या, पथ्य नव्हतं. “इंजेक्शन सुरू झालं न् वर्षाच्या आत पायाचं बोट कापलं. मग अर्धं पाऊल.” लग्न ठरवताना हे सासरी सांगितलं नव्हतं. पुढे त्यांना कळलं आणि तेव्हापासून घरात त्यावर टोमणे होतेच. तिच्या हिशेबाने आता तिच्या रक्तात साखर निघाली तर तीन गोष्टी होणार होत्या. माहेरचा रोग आणला हे सिद्ध होणार. इंजेक्शन लागणार. आणि इंजेक्शननंतर काय होतं, ते तिने डोळ्यांनी बघितलं होतं.

याला अज्ञान म्हणायची माझी तयारी नाही. तिने निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष होता, फक्त कार्यकारण उलटं लागलं होतं. बहुतेक घरांत इन्सुलिन फार उशिरा येतं, पायाच्या नसा आणि रक्तवाहिन्या खराब होऊन गेल्यावर. मग बोट जातं आणि बोट इंजेक्शनच्या खाती जमा होतं. तिला हे सांगितलं. तिने ऐकून घेतलं. पटलं असं म्हणणार नाही.

तपासणी टाळणाऱ्या बायकांशी बोलताना आमची गाडी बहुधा चाचणीवरच अडते : त्रास होत नाही, फुकट आहे, बाळासाठी चांगली आहे. बाई मात्र चाचणीच्या पलीकडे पोचलेली असते. निकाल आला की घरात कोण काय म्हणेल, डोहाळेजेवणात ताटात काय पडेल, सातव्या महिन्यात नवरा कर्ज काढेल का, हे तिने मनात चालवून बघितलेलं असतं. त्या प्रश्नांना हात न घालता पत्रक वाचून दाखवलं तर ती मान डोलावते आणि पुढच्या वेळी येत नाही.

साडेसहाची चाचणी

तिला मी विचारलं, “शुगर निघाली असं धर. घरी आधी कोणाला सांगायचं?” ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्यांना. पण तुम्ही सांगा.” म्हणजे नवऱ्याला. तेवढं ठरलं आणि मग ती चाचणीला तयार झाली. अट एकच, काम बुडता कामा नये.

इथे आपल्याकडच्या पद्धतीचा फायदा कळतो. ‘डिप्सी’ नावाने ओळखली जाणारी ही चाचणी चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांच्या पुढाकारातून पुढे आली आणि २०१४ च्या राष्ट्रीय सूचनांत तिचा समावेश झाला. पोट रिकामं हवं अशी अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं, दोन तासांनी एकदाच रक्त द्यायचं. १४० किंवा त्याहून जास्त आलं तर गरोदरपणातली शुगर. ग्लुकोमीटरवर उपकेंद्रातही करता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या निकषांत उपाशीपोटी, एका तासाने आणि दोन तासांनी असे तीन आकडे बघतात : ९२, १८० आणि १५३. त्यांच्याशी ताडून पाहिलं की डिप्सीतून काही बायका निसटतात, विशेषतः ज्यांची फक्त उपाशीपोटीची साखर वाढलेली असते त्या. यावर परिषदांमध्ये जोरदार वाद होतात आणि ते व्हायलाही हवेत. पण ‘उद्या उपाशी या’ असं सांगितलेल्या बायकांपैकी किती परत येतात, हे या पट्ट्यात काम करणाऱ्या कोणालाही विचारा. जी चाचणी होते तीच मला इथे जास्त अचूक वाटते.

उपकेंद्राच्या सिस्टर तिथल्याच क्वार्टरमध्ये राहतात. त्यांनी सकाळी साडेसहाची वेळ दिली. टोळीची पिकअप पावणेनऊला चावडीपाशी येते. एकटीला बोलावलं असतं तर गावभर चर्चा झाली असती, म्हणून राहिलेल्या आणखी तिघींनाही त्याच दिवशी बोलावलं. पाणी माठातलं, गार. वर अर्धं लिंबू पिळलेलं. एका दमात न पिता आठ-दहा मिनिटांत घोट घोट घ्यायचं. पहिल्या घोटाला तिने डोळे घट्ट मिटले आणि नाक दाबून धरलं. मग दोन तास चौघी उपकेंद्राच्या ओट्यावर बसून होत्या. कोणी दुसऱ्या गावी चालत जाऊन आलं नाही, कोणी काही खाल्लं नाही, उलटी कोणालाच झाली नाही. सिस्टर म्हणाल्या, त्या दोन तासांत त्यांनी वर्षभर पत्रकं वाटून सांगितलं नसेल तेवढं बायकांनी एकमेकींकडून विचारून घेतलं.

तिचा आकडा १६३. बाकी तिघी नॉर्मल.

आकड्यानंतर

नवरा दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात आला. ट्रॅक्टर चालवणारा, कमी बोलणारा माणूस. त्याला मी माहेरच्या रोगापासून सुरुवात करून दिली नाही. वारेतून निघणारे हार्मोन आईच्या इन्सुलिनचं काम अडवतात, ते सगळ्याच गरोदर बायकांत होतं. बहुतेकींचं शरीर जास्तीचं इन्सुलिन तयार करून निभावून नेतं, काहींचं कमी पडतं. घराण्यात शुगर असेल तर शक्यता वाढते, पण तुमच्याही घराण्यात कोणाला नाही ना? तो हसला. त्याच्या मोठ्या चुलत्यांना होती.

त्याचा पुढचा प्रश्न बिनतोड होता. “एकशे चाळीसच का? एकशे अडतीस आलं असतं तर तुम्ही काही बोललाच नसता.” खरंच आहे. नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार गरोदर बायकांवरचा ‘हापो’ अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. साखर जसजशी चढते तसतसा बाळाचं वजन वाढण्याचा धोका वाढत जातो, मध्ये कुठे ठळक पायरी लागत नाही, असं त्यातून दिसलं. रेघ माणसांनी ओढलेली आहे. पण रेघेच्या पलीकडच्या बायकांवर उपचार केले तर उपयोग होतो, हे ऑस्ट्रेलियातल्या २००५ च्या ‘अकॉइस’ चाचणीत दिसलेलं आहे : बाळाच्या गंभीर गुंतागुंती ४ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आल्या. शिवाय उपचार घेतलेल्या मातांमध्ये बाळंतपणानंतर उदासीनतेचं प्रमाणही कमी होतं. शुगर आहे असं सांगितलं की बाई खचते, म्हणून न सांगितलेलं बरं, असं म्हणणाऱ्या घरच्यांना मी हे आवर्जून ऐकवते.

सासूचा प्रश्न मला वाटला त्यापेक्षा सोपा निघाला. त्यांच्याशी मी नाही, आशाताई बोलल्या, चुलीपाशी बसून. वारेचं ऐकल्यावर म्हातारी म्हणाली, “म्हंजी वारंचा दोष. वार पडली की जाईल?” बहुतेक वेळा जाते, असं उत्तर दिलं. मग लगेच, “पोरीच्या येळंला बी हेच झालं आसंल का?” हे तिचं तिलाच सुचलं.

आहाराबद्दल जेवढी भाषणं होतात तेवढी गरज नव्हती. तिचं जेवण मुळात वाईट नव्हतंच : बाजरीची भाकरी, मठाची उसळ, मेथी, ठेचा. घात मधल्या वेळेला होता. दिवसात चार वेळा साखरेचा चहा आणि त्यात बुडवून ग्लुकोजची बिस्किटं, कारण बागेत तेवढंच पोचतं. चहा दोनदा, बिनसाखरेचा. बिस्किटांऐवजी भाजलेले शेंगदाणे-फुटाणे. एकदम तीन भाकरी खाण्यापेक्षा दोनदा विभागून. अडचण आली मार्गशीर्षातल्या गुरुवारांची. दिवसभर उपास, साबुदाण्याची खिचडी, केळं, आणि संध्याकाळी नैवेद्याची पुरणपोळी. साखरेच्या दृष्टीने यापेक्षा अवघड दिवस शोधून सापडायचा नाही. व्रत सोड म्हणणं मला शक्य नव्हतं आणि योग्यही वाटत नव्हतं. तोडगा सासूनेच काढला. “तुझ्या वाटचे गुरुवार मी धरते. तू पूजेला बस फक्त.”

दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची शुगर १२९ आली. १२० च्या खाली हवी होती. पथ्य पाळूनही आकडा वर राहिला की औषध लागतं, आणि सूचनांनुसार इन्सुलिनचं इंजेक्शन किंवा मेटफॉर्मिनची गोळी दोन्ही चालतात. मेटफॉर्मिन वारेतून बाळापर्यंत पोचतं, इन्सुलिन पोचत नाही, हे दोघांनाही सांगितलं. तिने गोळी निवडली. वडिलांचं पाऊल लक्षात घेता दुसरं काही होण्यासारखं नव्हतं. गोळीने भागलं नाही तर इंजेक्शन घ्यावं लागेल, यावर ती “तेव्हाचं तेव्हा” म्हणाली. महिनाभरात आकडा ११० च्या आसपास स्थिरावला आणि ती वेळ आली नाही.

कार्डावर लिहायचं की नाही, यावरून मात्र आमचं थोडं वाजलं. कार्ड घरात सगळे वाचतात, शेजारणीही. तिची मागणी होती की लिहू नका. मी ऐकलं नाही. रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर ज्या दवाखान्यात ती पोचेल तिथल्या डॉक्टरला हे कळलंच पाहिजे. शेवटी ‘नकार’ खोडून त्याच्या शेजारी १६३ आणि तारीख लिहिली. डोहाळेजेवण झालं, बुंदीचे लाडू ओटीत घातले, ते मुलीने खाल्ले.

फेब्रुवारीत माल निघायला लागल्यावर नवी काळजी होती. तोडणीच्या वेळी बायका दिवसभर फुटके मणी तोंडात टाकत असतात. तेव्हा तिला पॅकिंगच्या शेडवर बसून काम मिळालं. तिथेही द्राक्षं होतीच, पण तिथे खाल्लं तर सुपरवायझर ओरडतो.

मार्चमध्ये ठरवून सिझेरियन झालं. मुलगा, ३.१ किलो. पहिल्या तासात अंगावर पाजला, साखर तपासली, उतरली नव्हती. पेटीत ठेवावं लागलं नाही.

राहिलेलं

बाळंतपणानंतर दीड महिन्याने आईची ७५ ग्रॅमची चाचणी पुन्हा करायची असते. गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका इतरांच्या तुलनेत सात पटींहून अधिक असतो, असं २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या एका मोठ्या आढाव्याने दाखवलं आहे. म्हणजे या बाईसाठी सर्वांत महत्त्वाची चाचणी हीच. आणि तीच झाली नाही.

ती माहेरी गेली, दुसऱ्या तालुक्यात. बाळाचा दीड महिन्याचा डोस तिथल्या उपकेंद्रात वेळेवर झाला. बाळाचं वजन झालं, कार्डावर शिक्के पडले. आईच्या रक्ताचं कोणी विचारलं नाही, कारण तिथल्या यादीत ती ‘लाभार्थी बालकाची आई’ होती, गरोदर माता राहिली नव्हती. आशाताईंनी फोन केला तेव्हा ती म्हणाली, “आता काय गरज? वार पडली ना.” आम्हीच दिलेलं वाक्य होतं.

आता तिची सासरी परतायची वेळ बाळाच्या साडेतीन महिन्यांच्या डोसाशी जुळते आहे. सिस्टरांनी त्याच दिवशी सकाळची वेळ लावून ठेवली आहे, या वेळी उपाशीपोटी, कारण बाळंतपणानंतरच्या चाचणीत उपाशीपोटीचा आकडाही लागतो. नवऱ्याला निरोप दिला आहे. तो म्हणाला, आणतो. तिचं अजून काही कळलेलं नाही.